वीज साठवायची कुठं? सुप्याच्या धरणात, घाटमाथ्यावर की समुद्राच्या तळाशी?

गणेशगुडीला राफ्टिंगसाठी येणारे पर्यटक बहुतेक एकच चौकशी करतात, "आज पाणी सोडलंय का?" काळी नदीला इथं पाणी असणं-नसणं पावसाळा सोडला तर पावसावर अवलंबून नसतं. वरच्या सुपा धरणाच्या वीजगृहात टर्बाइन फिरली की खाली पाणी येतं. टर्बाइन थांबली की खडक उघडे पडतात. म्हणजे बेळगाव-हुबळीपासून बंगळूरपर्यंत विजेची गरज कधी आहे, यावर गणेशगुडीतल्या नदीची पातळी ठरते.

हे आत्ता सांगायचं कारण असं की, विजेचं वेळापत्रकच बदलत चाललंय. सौरऊर्जा वाढतेय, दुपारी वीज भरपूर आणि संध्याकाळी ओढाताण, असं चित्र तयार होतंय. त्यामुळे "वीज साठवायची कुठं" हा प्रश्न देशभर ऐरणीवर आलाय आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्यांची नजर फिरून फिरून सह्याद्रीवर येते. दुसरीकडं युरोपात काही जण वेगळंच करून बघतायत. धरणं डोंगरात बांधण्याऐवजी तीच युक्ती समुद्रात वापरायची. तरंगत्या पिशव्या, तळाशी सिमेंटचे गोळे आणि मध्ये टर्बाइन.

ऐकायला भारी वाटतं. पण ते आपल्याकडं जमेल का? जमलं तर घाटातली जंगलं वाचतील का? आणि तोवर जोयडा, खानापूर, चंदगड, भुदरगड, दोडामार्ग या पट्ट्यातल्या माणसानं काय समजून घ्यायचं? एकेक करून बघू.

सुपा : वर्षातून एकदा चार्ज होणारी बॅटरी

जोयडा तालुक्याचं जुनं नाव सुपा तालुका. काळी आणि पांढरी नदीच्या संगमाजवळचं सुपा गाव धरणात गेलं, तिथली बरीच माणसं रामनगरला वसवली गेली आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. त्या गावाच्या जागी आज जे पाणी दिसतं, ती कर्नाटकातल्या सर्वांत मोठ्या वीज-साठवणींपैकी एक आहे. धरणाची उंची १०१ मीटर, लांबी ३३२ मीटर आणि साठवण क्षमता सुमारे १४७ टीएमसी.

गंमत बघा, धरणाच्या पायथ्याशी असलेलं वीजगृह फक्त १०० मेगावॅटचं आहे. ५० मेगावॅटचे दोन संच. मग एवढं अवाढव्य धरण कशासाठी? कारण इथून सुटलेलं पाणी पुढं पायरी-पायरीनं कामाला येतं. सुपा जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. तिथून पाणी गणेशगुडी, दांडेलीवरून बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात जातं, पातळी सुमारे ४३८ मीटर. पुढं बोगद्यातून ते नागझरीच्या वीजगृहावर कोसळतं. तिथं संच दीडशे मेगावॅटच्या आसपासचे आणि संख्येनं सहा. काळी प्रकल्पाची खरी ताकद तिथं आहे. त्याच्याखाली कोडसळ्ळी (१२० मेगावॅट, पातळी सुमारे ७५ मीटर) आणि मग कद्रा (१५० मेगावॅट, पातळी सुमारे ३४ मीटर). कद्र्याच्या पाण्यावर कैगा अणुवीज केंद्र चालतं. आणि शेवटी सदाशिवगडाजवळ नदी समुद्राला मिळते.

म्हणजे सुप्यात अडवलेलं पाणी चार ठिकाणी वीज देतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस धरण भरतो आणि पुढचे आठ महिने आपण ते थोडं थोडं वापरतो. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर ही वर्षातून एकदा चार्ज होणारी बॅटरी. चार्जर म्हणजे पावसाळा. आणि या बॅटरीची किंमत शेतं, घरं, देवळं आणि जंगल या रूपात जोयड्यानं मोजली. धरणाच्या परिसरातल्या कित्येक वाड्यांना स्वतःच्या घरात वीज नीट यावी म्हणून वर्षानुवर्षं मागण्या कराव्या लागल्या, हेही इथल्या लोकांना सांगायला नको.

एक युनिट वीज म्हणजे किती पाणी?

पाण्यात वीज "साठते" म्हणजे नेमकं काय, हा हिशेब सोपा आहे. वजन उंचावर नेऊन ठेवलं की त्यात ऊर्जा साठते. खाली सोडलं की परत मिळते.

तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल आणि ती जमिनीपासून दहा मीटर उंच असेल, तर तिच्यातलं सगळं पाणी टर्बाइनवर सोडून मिळणारी वीज ९ वॅटचा एक बल्ब जेमतेम तीन तास चालवेल. बस, एवढीच. पण तीच टाकी साडेतीनशे मीटर उंचीवर नेली, म्हणजे बोम्मनहळ्ळी ते नागझरी जेवढा उतार आहे साधारण तेवढी, तर जवळपास एक युनिट वीज मिळते. घट वजा जाता पाऊण युनिटच्या वर.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पाण्यात वीज साठवायची तर पाणी अफाट लागतं. दोन, उंची जितकी जास्त तितकं पाणी कमी लागतं. एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. नागझरीतून ते सोडलं तर दोन कोटी युनिटच्या वर वीज तयार होते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या सोळा हजारांहून जास्त घरांची ती वर्षभराची वीज झाली.

पाणी आणि उंची, दोन्ही एकाच ठिकाणी कुठं मिळतात? सह्याद्रीच्या कड्यावर. म्हणूनच एका शतकाहून अधिक काळ वीजवाल्यांचा डोळा घाटावर आहे. टाटांची खोपोली, भिरा ही वीजगृहं, मग कोयना, मग शरावती, मग काळी.

दुपारची वीज रात्री का मिळत नाही?

तुमकूर जिल्ह्यात पावगड इथं दोन हजार मेगावॅटचा सौर पार्क आहे. गदग, चित्रदुर्ग भागात पवनचक्क्या आहेत. महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर फीडर उभे राहतायत. हे चांगलंच. पण सूर्य साडेसहाला मावळतो आणि घराघरांतले दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर त्यानंतर सुरू होतात. सौरवीज दुपारी बारा-एकला शिखरावर असते, मागणीचं शिखर सकाळी आणि संध्याकाळी.

पूर्वी ही दरी कोळशाची केंद्रं आणि धरणं भरून काढायची. कोळशाचं केंद्र मात्र नळासारखं चालू-बंद करता येत नाही. ते पूर्ण थंड झालं तर पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास जातात. धरणाचं तसं नाही, टर्बाइन काही मिनिटांत भार उचलते. म्हणून संध्याकाळी सहाला विजेची मागणी उसळली की आधी सुपा, नागझरी, कोयना, शरावती यांच्याकडं बघितलं जातं.

पण पावसाचं पाणी मोजकंच आहे. ते रोज संध्याकाळी वापरत राहिलं तर उन्हाळ्यात धरण तळ गाठतं. त्यात सुपा दरवर्षी काठोकाठ भरतंच असंही नाही. मग विचार पुढं आला : दुपारची फुकट जाणारी सौरवीज वापरून खालचं पाणी परत वर का चढवू नये?

पाणी परत वर : उदंचन प्रकल्प

यालाच सरकारी मराठीत "उदंचन जलविद्युत" म्हणतात. वर एक तळं, खाली एक तळं, मध्ये बोगदा. वीज जास्त असेल तेव्हा पंपानं पाणी वर, वीज कमी पडली की तेच पाणी टर्बाइनमधून खाली. तेच यंत्र एका दिशेला पंप आणि दुसऱ्या दिशेला टर्बाइन.

ही काही नवी कल्पना नाही. महाराष्ट्रात घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. वरचं तळं अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात आणि दोन्हींमध्ये चारशे मीटरहून जास्त उंचीचा कडा. टाटांच्या भिऱ्यालाही १५० मेगावॅटचा असा संच १९९० च्या दशकात बसला.

व्यवहार मात्र घाट्याचा आहे, हे विसरू नका. १०० युनिट वीज खर्च करून पाणी वर चढवलं तर परत ७५ ते ८० युनिट मिळतात. बाकीची पंप, पाइप, घर्षण यात जाते. तरीही परवडतं, कारण दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. म्हणजे हा वीज तयार करण्याचा धंदा नव्हे, वीज एका वेळेकडून दुसऱ्या वेळेकडं नेण्याचा धंदा आहे. कुणी गावात येऊन "वीजनिर्मिती प्रकल्प" म्हणून सांगायला लागलं, तर हा फरक आधी विचारावा.

म्हणून सगळ्यांची नजर घाटावर

गेल्या काही वर्षांत या प्रकल्पांची रांग लागलीय. महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या शेवटी उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण केलं आणि त्यानंतर खासगी कंपन्यांशी करारांवर करार झाले. त्यातल्या अनेक जागा सह्याद्रीच्या कड्यावर आहेत. सीमाभागाच्या अगदी दारातलं उदाहरण म्हणजे भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आणि घाटाखालचं सिंधुदुर्गातलं अंजिवडे. अदानी समूहाचा २,१०० मेगावॅटचा प्रस्ताव तिथं पुढं आला आणि पाण्याच्या, जंगलाच्या मुद्द्यावर स्थानिक लोक विरोधात उभे राहिले.

आपल्याच उत्तर कन्नड आणि शेजारच्या शिवमोग्गा जिल्ह्यात शरावतीवर २,००० मेगावॅटचा प्रकल्प आखलाय. वरचं तळं तळकळले, खालचं गेरसोप्पा. दोन्ही जलाशय आधीपासून आहेत, त्यामुळं "नवीन धरण नाही, बुडीत नाही" असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण बोगदे, भूमिगत वीजगृह, रस्ते, दगडमातीचे ढिगारे आणि वीजवाहिन्या या सगळ्याला जागा लागते आणि ती जागा सिंहपुच्छ माकडांच्या अभयारण्यातून जाते. २०२५ मध्ये झालेल्या जनसुनावण्यांत लोकांनी जोरदार विरोध नोंदवला.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या जलाशयाला लागून ग्रीनको कंपनीचा हजार मेगावॅटहून मोठा प्रकल्प आखला गेला. तिथला भाग कोरड्या टेकड्यांचा, घाटातलं सदाहरित जंगल नव्हे. शरावती आणि सौंदत्ती, तंत्र एकच, पण जागा बदलली की किंमत बदलते. हा मुद्दा पुढं परत लागणार आहे.

आणि वीज नुसती साठवून भागत नाही, ती न्यावी लागते. गोव्यात तमनार प्रकल्पाची ४०० केव्हीची वाहिनी मोलेमच्या जंगलातून न्यायच्या प्रश्नावर २०२० मध्ये केवढं आंदोलन झालं ते आपण पाहिलं. तळं कुठं आहे एवढंच बघून चालत नाही, तारा कुठून जाणार तेही बघावं लागतं.

समुद्रातली युक्ती

आता मुख्य गोष्ट. डोंगरात उंची मिळते ती वर. समुद्रात तीच उंची खाली आहे, तिला आपण खोली म्हणतो. मग खोलीचा वापर करून वीज साठवता येईल का? येते. दोन वाटा आहेत.

पहिली वाट जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेची. सिमेंट काँक्रीटचा पोकळ गोळा समुद्राच्या तळाशी ठेवायचा. वीज जास्त असेल तेव्हा पंपानं गोळ्यातलं पाणी बाहेर काढायचं. गोळा रिकामा म्हणजे बॅटरी भरलेली. वीज हवी तेव्हा झडप उघडायची. खोल समुद्राचा दाब पाण्याला गोळ्यात घुसवतो आणि वाटेत टर्बाइन फिरते. ७०० मीटर खोलीवर हा दाब हवेच्या दाबाच्या सत्तरपट असतो. म्हणजे सातशे मीटरच्या कड्यावरून पडणाऱ्या पाण्याइतकाच जोर.

२०१६ मध्ये त्यांनी बोडेन्झे या सरोवरात शंभर मीटर खोलीवर तीन मीटर व्यासाचा गोळा बुडवून हे चालतं हे दाखवलं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नऊ मीटर व्यासाचा, ४०० टनांचा गोळा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ५००-६०० मीटर खोलीवर उतरवायचा. २०२६ अखेरचं लक्ष्य जाहीर झालं होतं. शेवटी जो मोठा गोळा त्यांच्या डोक्यात आहे तो ३० मीटर व्यासाचा. तो ५ मेगावॅट ताकदीनं चार तास चालेल, म्हणजे २० हजार युनिट.

दुसरी वाट इटलीतल्या सायझेबल एनर्जी या नव्या कंपनीची. तिच्यात तरंगती टाकी आहे. एक मोठी लवचिक पिशवी समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगत ठेवायची, दुसरी तळाशी, दोन्हींना जोडणारा उभा पाइप आणि त्यात पंप-टर्बाइन. पिशव्यांत साधं पाणी भरून काही उपयोग नाही. समुद्रातलं पाणी समुद्रातच वरखाली केलं तर त्याला वजनच जाणवत नाही, विहिरीत बुडलेली घागर हलकी लागते तसं. म्हणून पिशवीत दाट मिठाचं पाणी भरतात. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं. जास्तीच्या विजेनं ते वर चढवायचं, हवी तेव्हा खाली सोडायचं.

नवं धरण नाही, गाव उठवणं नाही, जंगलतोड नाही. शिवाय एकच नमुना कारखान्यात बनवून जगभर लावता येईल, प्रत्येक डोंगराची भूगर्भ तपासणी वेगळी करायला नको, असा या मंडळींचा युक्तिवाद आहे. युक्तिवादात दम आहे. पण हिशेब करून बघू.

दाट मिठाच्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे साधारण १७५ किलोनं जास्त. म्हणजे हजार लिटर खारं पाणी ५०० मीटर खाली सोडलं तर मिळणार पाव युनिटही नाही. तेवढ्याच उंचीवरून घाटातलं गोडं पाणी सव्वा युनिटच्या वर देतं. पाचपटीहून जास्त फरक.

घाटघरचे २५० मेगावॅट सहा तास चालवले तर १५ लाख युनिट होतात. तेवढंच समुद्रात ५०० मीटर खोलीवर साठवायचं तर घट धरून सत्तर लाख घनमीटर दाट खारं पाणी लागेल. पिशवी वीस मीटर जाड धरली तरी पसारा ३५ हेक्टरचा, म्हणजे ८५ एकरांच्या वर. आणि अशा दोन पिशव्या, एक वर, एक तळाशी. मीठ किती? वीस लाख टनांच्या आसपास. गोकर्णजवळच्या सानिकट्ट्याच्या मिठागरांनी कितीही मीठ पिकवलं तरी भागायचं नाही. जर्मन गोळ्यांनी करायचं म्हटलं तर ३० मीटर व्यासाचे ७५ गोळे.

अशक्य नाही. पण "समुद्र मोकळाच आहे, टाकू या पिशव्या" इतकं सोपंही नाही.

अरबी समुद्रात बसेल का?

पहिली अडचण खोलीची. आपला पश्चिम किनारा उथळ आहे. कारवार-गोव्यासमोर समुद्रतळ लांबवर हळूहळू उतरत जातो आणि ५०० मीटर खोली मिळायला किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढं जावं लागतं. मुंबईसमोर तर त्याहून कितीतरी लांब. इटलीत किंवा कॅलिफोर्नियात किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खोल पाणी लागतं, म्हणून तिथं प्रयोग सुरू आहेत. आपल्याकडं शंभर किलोमीटर समुद्राखालून केबल टाकायची तर खर्चाचं गणितच बदलतं.

दुसरी अडचण हवेची. पावसाळ्यात आपला समुद्र चार महिने खवळलेला असतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं मुंबईजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि कित्येक कामगार मृत्युमुखी पडले. समुद्रात तरंगणाऱ्या कुठल्याही गोष्टीची आपल्याकडची परीक्षा ती आहे. तळाशी बसलेल्या गोळ्याला वादळाचा त्रास नाही, पण त्याची दुरुस्ती करायची तर सातशे मीटर खाली उतरायचं कोण?

तिसरी अडचण माणसांची. जंगल नाही म्हणजे कुणाचंच नाही, असं समुद्राचं नसतं. कारवारला नौदलाच्या सीबर्ड तळासाठी किनाऱ्यावरची गावं उठली, मासेमारीची जागा आकसली. खोल पाण्यात जाणारे ट्रॉलरवाले, पर्ससीनवाले आणि किनाऱ्याजवळचे रापणकार यांच्यात आधीच ओढाताण आहे. त्यात केबल, नांगर आणि "इथं येऊ नका" असे पट्टे आले तर प्रश्न येणारच. पिशवी फाटून दाट खारं पाणी तळाशी पसरलं तर तिथल्या जीवांचं काय, हेही तपासावं लागेल.

कुणी म्हणेल, मग समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या डोंगरावर चढवा. हा प्रयोग जपाननं ओकिनावा बेटावर केला होता. १९९९ मध्ये ३० मेगावॅटचं केंद्र, समुद्र हेच खालचं तळं आणि वर १३६ मीटर उंचीवर रबराचं अस्तर लावलेलं तळं. ते चाललं, पण विजेची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही आणि २०१६ मध्ये ते मोडीत निघालं. आपल्या कोकणात, रत्नागिरीपासून कारवारपर्यंत, किनाऱ्यालगतचे सडे जांभ्याचे. जांभा दगड पाणी पितो. वरच्या तळ्याचं अस्तर जरा फाटलं तरी खारं पाणी झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत उतरणार. पोफळीच्या बागेत खारं पाणी गेलं तर काय होतं ते बागायतदाराला विचारा.

थोडक्यात, समुद्रातली साठवण हे खरं तंत्र आहे, थाप नव्हे. पण आज ते प्रयोगाच्या पायरीवर आहे आणि आपल्या किनाऱ्याला ते लवकर लागू होईल असं दिसत नाही. म्हणून "थांबा, समुद्रातलं तंत्र येतंय, घाटाला हात लावायची गरज नाही" हे उत्तर आज तरी पुरं पडत नाही.

मग उरतं काय?

दोन गोष्टी मात्र आज हातात आहेत.

एक म्हणजे बॅटऱ्या. कंटेनरसारख्या दिसणाऱ्या लिथियम बॅटऱ्या सौर पार्कच्या शेजारी, उपकेंद्राच्या आवारात बसतात. त्यांचे भाव कोसळलेत. २०२२ मध्ये केंद्राच्या एका निविदेत दोन तासांच्या साठवणीसाठी मेगावॅटमागे महिन्याला सुमारे पावणेअकरा लाख रुपये दर निघाला होता. २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानासह तो अडीच लाखांच्या खाली आला. दोन-चार तासांची साठवण असेल तर आता बॅटरी हा खरा पर्याय आहे. रात्रभर वीज पुरवायची असेल तर मात्र उदंचन अजून वरचढ ठरू शकतं. बॅटऱ्या दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, धरण पिढ्यानपिढ्या टिकतं. पण निदान चार तासांच्या साठवणीसाठी डोंगर फोडायची गरज आहे का, हा प्रश्न विचारायला आता जागा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या दारातच आहे. सुप्यासारखं धरण पंप न लावताही साठवण करतं. कसं? दुपारी सौरवीज भरपूर असताना टर्बाइन थांबवायची, पाणी राखून ठेवायचं आणि तेच पाणी संध्याकाळी सोडायचं. जी वीज दुपारी धरणातून काढली नाही ती धरणातच राहिली. नवीन बोगदा नाही, झाड तोडायचं नाही, आणि पंपिंगमध्ये जाणारे वीस-पंचवीस टक्केही वाचले. आहे त्या धरणांचं वेळापत्रक बदलणं ही सर्वांत स्वस्त साठवण आहे.

पण "स्वस्त" कुणासाठी, हेही बघायला हवं. वीजगृह दुपारी बंद आणि रात्री सुरू असं होत गेलं तर दिवसा नदीत पाणी कमी होईल. राफ्ट तर अंधारात सोडता येत नाही. गणेशगुडी-दांडेली पट्ट्यातले गाइड, होमस्टे, जीपवाले, हॉटेलात काम करणारी पोरं, या सगळ्यांचा हंगाम दिवसाच्या पाण्यावर उभा आहे. नदीकाठच्या गावांची पाण्याची गरज, मासे, दांडेलीच्या मगरी, पुढं कद्र्याला कैगा केंद्राला लागणारं पाणी, हेही सगळं त्याच वेळापत्रकात बसवावं लागेल. हे जमण्यासारखं आहे. सकाळचे ठरावीक तास थोडं पाणी सोडायचं, बाकीचं संध्याकाळसाठी, असं ठरवता येतं. पण ते ठरवताना गणेशगुडीचा माणूस टेबलावर असायला हवा. बंगळूरच्या नियंत्रण कक्षात बसून फक्त मेगावॅट बघितले तर तो दिसणार नाही.

गावात प्रस्ताव आला तर काय विचारायचं?

सीमेच्या अलीकडं असो की पलीकडं, येत्या काळात साठवणीचे प्रस्ताव घाटात येत राहणार. कर्नाटकात जनसुनावणी कन्नडमध्ये होईल, महाराष्ट्रात मराठीत, गोव्यात कोकणीत. प्रश्न मात्र सगळीकडं सारखेच :

– ही साठवण किती तासांची? दोन-चार तासांचीच असेल तर बॅटरी का नको?
– खालचं आणि वरचं तळं आधीचं आहे की नवीन? नवीन असेल तर पहिल्यांदा भरायला आणि दरवर्षी बाष्पीभवनाची तूट भरायला पाणी कुठून आणणार?
– बोगद्याचा मुरूम-दगड कुठं टाकणार? रस्ता कुठून काढणार? तो पावसाळ्यात कुणाच्या शेतात येणार?
– वीजवाहिनीचा मार्ग कोणता? तो प्रकल्पाच्या कागदात आहे की "नंतर बघू"?
– नदीची पातळी रोज किती वरखाली होणार आणि त्याची सूचना खालच्या गावांना कशी मिळणार?
– हीच साठवण कोरड्या, जंगल नसलेल्या जागी होऊ शकते का? तिथं का नाही, याचा हिशेब दाखवा.
– आणि प्रकल्पाच्या वीस किलोमीटरच्या आतल्या वाड्यांना चोवीस तास वीज मिळणार का? लेखी द्या.

हे प्रश्न विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे. सौरवीज हवी असेल तर साठवण लागणारच, त्यात वाद नाही. पण सुप्याच्या वेळी साठवण म्हणजे धरण आणि धरण म्हणजे गाव उठणं, एवढाच एक रस्ता होता. आज बॅटरी आहे, कोरड्या टेकड्या आहेत, जुन्या धरणांचं वेळापत्रक आहे आणि उद्या कदाचित खोल समुद्रही असेल. पर्याय असताना ते तपासून घेण्याचा हक्क ज्यांनी एकदा खोरं दिलंय त्यांना आहे. प्रस्तावाचा कागद हातात आला की आधी तास मोजा, मग नकाशावर तारांचा मार्ग शोधा. बाकीचं बोलणं त्यानंतर.